ब्रेडाच्या पणजीची वही

माझ्या सासूबाईंना, म्हणजे रंभाबाईंना, आनंदाची बातमी पचत नाही. लगेच गॅसवर पातेलं चढतं. कार्डिफच्या एका हॉस्पिटल किचनमध्ये त्यांनी सत्तावीस वर्षं काढली. ब्रेडा तिथली हेड कुक, मूळची आयरिश. इंग्रजी येत नाही म्हणून बाकीचे हसायचे, तेव्हा ब्रेडाने हाताला धरून त्यांना काम शिकवलं. आई ते उपकार कधी विसरल्या नाहीत.

आता ब्रेडा एकोणऐंशीची. तिच्या पणजीने लहानपणी आयर्लंडचा दुष्काळ पाहिला आणि म्हातारपणी तो वहीत लिहून ठेवला. ब्रेडा ती वही लायब्ररीला देणार होती, पण एक पान फाडून. "त्यात आमच्या माणसांनी धर्म बदलल्याचं आहे," ती फोनवर कशीबशी म्हणाली.

झालं! आमच्याकडे छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. धर्म बदलणं ही मान ताठ करून सांगायची गोष्ट. आईंनी खीर केली, मला गाडी काढायला लावली आणि ब्रेडाच्या दारातच ओरडल्या, "काँग्रॅच्युलेशन्स! आमच्यांनीही बदलला!"

ब्रेडा रडायलाच लागली. "सूपसाठी बदलला, रंभा. आमच्या गावात कॅथलिकचा प्रोटेस्टंट होईल त्यालाच मिशनरी वाडगाभर सूप द्यायचे. पुढे गावाने पिढ्यानपिढ्या टोमणे मारले."

मला तर कुठे तोंड लपवू असं झालं. आई मात्र तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"बाहत्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आई खडी फोडायची. कामावर मूठभर सुकडी मिळायची, भरड्याचा कोरडा खाऊ. ती स्वतः न खाता पदरात बांधून माझ्यासाठी आणायची. त्या सुकडीसाठी कोणी काहीही अट घातली असती ना, तिने मानली असती. तू ते पान वाच बघू."

ब्रेडाने चष्मा लावून पणजीचे शब्द वाचले. "आईने सूप घेतलं. हिवाळा संपला तेव्हा शेजारच्या घरात कोणी उरलं नव्हतं. आमच्यात मी उरले."

"म्हणून तू आहेस. आणि तू होतीस म्हणून माझा निभाव लागला," आई म्हणाल्या. "त्या माउलीचे आभार कोणी मानले?"

"कोणीच नाही. घरात तिचं नावही घेत नसत."

"काय नाव होतं?"

ब्रेडाने त्या पानावर हात ठेवला.

"थँक यू, होनोरा."