चार खणांचं ताट

वाटूरच्या उषाबाई बेचाळीस वर्षं घरात सगळ्यांच्या मागून जेवल्या. चुलीकडं तोंड करून, एकट्या. भाजीला एक वाटी, वरणाला एक, ठेच्याला एक, भाकरी वेगळीच. गावात नाव झालं, घर जेवल्याबिगर ही बाई घास घेत न्हाई. खरं कारण कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. नवी नवरी असताना पंगतीत पातळ वरण पसरत बुंदीला लागलं आन त्या पानावरून उठल्या. सासूनं दंडाला धरून परत बसवलं, ते सगळं कालवून खायला लावलं. "मोठी नखऱ्याची आली!" पंगत हसली. तेव्हापासून त्यांनी पंगतच सोडली.

आता नात तृप्ती नऊ वर्षांची. वरणाचा थेंब भातावर गेला की कानावर हात ठेवून किंचाळायची. डॉक्टरीणबाईंनी स्वमग्नता सांगितली. आजार न्हाई, घडणच तशी आहे, कलानं घ्या म्हणाल्या. घराण्यात आणखी कुणी असं आहे का, हेही विचारलं. उषाबाई जल्दीनं बोलल्या, "आमच्यात बिलकुल न्हाई. हिच्या माहेरचं असंल." बोट सुनेकडं, वंदनाकडं होतं.

मंग लेकानं, सोमेश्वरनं, जालन्यातून चार खणांचं स्टीलचं ताट आणलं. वंदना एकेका खणात जपून वाढायची, पोरगी खुशाल जेवायची. कुणी नखरे म्हणत नव्हतं, कुणी दंड धरत नव्हतं. चुलीपाशी बसून उषाबाई बघायच्या आन घास तोंडातच फिरायचा. नातीवर जीव होता, पण त्या ताटाचा हेवा असा, की घासताना त्या ते मुद्दाम आदळायच्या.

एका सोमवारी ताट गायब झालं. तृप्ती सकाळपासून जेवेना. वंदनानं वाट्या मांडल्या, तिनं ढकलून दिल्या. दुपारी वंदना फाट्यावरची भांड्याची दुकानं फिरून रिकाम्या हातानं आली, तर मागच्या पत्र्याच्या शेडात उषाबाई भिंतीला टेकून, पाय पसरून जेवून राह्यल्या होत्या. मांडीवर तेच ताट.

"आत्या!" वंदना सासूवर ओरडली. "पोरगी उपाशी हाये, अन् तुमी..."

"एकडाव बघायचं व्हतं मला, कसं लागतं त्यात."

आवाजानं तृप्ती आली. वाकून ताटात बघितलं. "ठेचा इथं न्हाई. इथं भात."

"माह्या ताटात ठेचा हितंच."

"माझं ताट आहे."

"संपू तर दे की!"

दोघींनी डावा खांदा एकसारखाच कानापर्यंत उचलला होता, दोघींची नजर ताटावर. वंदनानं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. मंग हळूच म्हणाली, "आत्या, दवाखान्यात तर माह्या माहेरचं म्हन्ल्या तुमी."

उषाबाईंनी उरलेला घास संपवला, ताट घासून पुसून नातीपुढं ठेवलं. हात मात्र काठावरून निघेना.

"सोम्याला सांग, आनखी एक आन. तिच्याहून मोठं. तिला नऊ वर्सांत भेटलं, मी बेचाळीस वर्सं काढली."

"आनू."

"आन त्या डॉक्टरीनीला सांग, नीट लिव्हून घे म्हनावं. तुझ्या माहेराला कशाला त्याचं नाव? माह्यं हाये ते."