वाफेच्या नळीचा जोड

माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर ते कुंभार पिंपळगावला घर बांधून राहिले आणि दर आठवड्याला अंबडला आमच्याकडे येऊ लागले. लेकीला भेटायला आलो असं ते म्हणत, पण घरी चहा झाला की माझ्या दुकानात येऊन बसत. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी आमच्यात बोलण्यासारखं फार काही नव्हतं. पाऊसपाणी, बसच्या वेळा, लेकरांच्या शाळा. एवढं झालं की मामा रस्त्याकडे बघत आणि मी मोटारीत तार भरत बसे.

मामांना बिडीचं व्यसन होतं. गाडी चालवताना ओढत नसत, पण प्रत्येक स्टँडवर उतरून एक व्हायचीच. त्यांचा एक भाचा आखातात कामाला आहे. तो सुट्टीवर आला तेव्हा मामांचा खोकला ऐकून त्यानं त्यांना वाफेची सिगारेट दिली. दिसायला जाडसर पेनासारखी. खालच्या भागात बॅटरी, वरच्या भागात छोटी टाकी, टाकीत औषधासारखं पाणी आणि ते तापवणारी तार. बटण दाबून ओढलं की वाफ येते. मामांना ती मानवली. घरातला बिडीचा वास गेला म्हणून सासूबाईही काही बोलल्या नाहीत. पुढे सरकारनं या वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली. मामांनी पेपरातली बातमी दोनदा वाचली, पेपरची घडी घातली आणि भाच्याला फोन करून सांगितलं, येताना पाणी जास्तीचं आण.

एका उन्हाळ्यात बसमधून उतरताना ती त्यांच्या हातातून पायरीवर पडली. मामा दुकानात आले आणि रुमाल उलगडून टेबलावर ठेवला.

"जावईबापू, हे तुटलंय. बघता का?"

बॅटरी शाबूत होती, टाकीही शाबूत होती. दोन्हींना जोडणारा पितळेचा लहानसा जोड मधोमध मोडला होता. त्याचा एक तुकडा बॅटरीच्या आट्यांत अडकून राहिला होता, दुसरा टाकीच्या बुडाला.

"हा जोड विकत मिळत न्हाई का?" मी विचारलं.

"संभाजीनगरला इचारलं. दुकानदार म्हणला, काका, असलं नाव बी काढू नका."

"भाच्याला सांगा मंग."

"तो दिवाळीला येणार. तवरोक काय करू? बिडीच पेटवावी लागंल."

हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. माझं काम असं आहे की मोडलेली वस्तू समोर आली की हात आपोआप तिकडे जातो. मी भिंग लावून तो जोड पाहिला. बाहेरचं कडं म्हणजे विजेची एक वाट, मधली पिन म्हणजे दुसरी वाट, आणि दोन्हींमध्ये वीज जाऊ नये म्हणून रबराची चकती. आमच्या धंद्यातलंच प्रकरण, फक्त बारीक.

आधी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह घेऊन पाहिला. आटे जुळेनात. स्टोव्हचा निपल लावून पाहिला, तो फार जाड. मामा शेजारी स्टुलावर बसून बघत होते. शेवटी ते म्हणाले, "नवे आटे कशाला पाडता? मोडलेल्या दोन्ही तुकड्यांना आटे हायेतच की. मधी फक्त नळी पायजे."

ते बरोबर होतं. मी दोन्ही तुकडे हळूच काढले आणि कानशीनं त्यांची तोंडं सपाट केली. आता त्या मापाची पितळी नळी हवी होती. मामांनी घरी जाऊन लेकीला विचारलं आणि माळ्यावरचा बंद पडलेला रेडिओ घेऊन आले. त्याची एरियल म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्याच. त्यातली एक तंतोतंत बसली. मधल्या पिनसाठी मी बल्बच्या जुन्या होल्डरमधली स्प्रिंगवाली पितळी पिन काढली. रबर तापून वितळलं असतं, म्हणून पिनेवर मोटारीत वापरतो ती काचेच्या धाग्याची स्लीव्ह चढवली. दोन्ही टोकांना कथलाची झाळ दिली.

पहिला जोड लावताच बॅटरी तापू लागली, करपल्याचा वास आला. आत झाळेचा थेंब उतरून दोन्ही वाटा एक झाल्या होत्या. मी घाईनं बॅटरी काढून फरशीवर ठेवली. मामांनी तळहातानं तिचा ताप पाहिला आणि म्हणाले, "क्लच जळाल्यावर असाच वास येतो."

पुढच्या खेपेला मी आधी झाळ दिली, मग पिन बसवली, मीटर लावून पाहिलं आणि मगच बॅटरी जोडली. मामांनी बटण दाबलं. टाकीत चुरचुर आवाज झाला. त्यांनी एक झुरका घेतला, वाफ टेबलाखाली सोडली आणि मान हलवली.

त्यांचा आनंद एवढाच असे. पण पुढच्या आठवड्यापासून ते दुकानात आल्यावर आधी तो जोड काढून माझ्यासमोर ठेवू लागले. सैल झालाय का, पिन दबते का, स्लीव्ह काळी पडली का, ते आम्ही दोघं मिळून बघायचो.

अशाच एका दिवशी जोड टेबलावर उघडा होता, शेजारी टाकी आणि बॅटरी, आणि दारात एक पोलीस शिपाई उभा राहिला. त्याच्या हातात कूलरची मोटार होती. मी मोटार घेतली. त्याची नजर टेबलावर गेली.

"हे काय करून राह्यले?"

मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "दम्याची मशीन हाये साहेब. वाफ घ्यायची."

शिपायानं जोड उचलून उजेडात धरला. "फरक पडतो का?"

"पडतो की," मामा म्हणाले.

"आमच्या वडलांना लई त्रास हाये. दवाखान्याचा खर्चा चालूच असतो. कुठं भेटंल ही?"

मामांनी रुमाल जवळ ओढला. मग म्हणाले, "आधी डॉक्टरला इचारा. ज्याचं त्याचं येगळं असतं."

शिपाई गेल्यावर मामांनी सगळं रुमालात बांधलं. मग म्हणाले, "पोलिसाला फसवलं त्याचं मला काही न्हाई. पण त्याच्या बापाला खराच दमा निघाला."

दोन-तीन दिवसांत शिपाई मोटार न्यायला आला तो वडलांना घेऊनच. म्हातारे मामांच्याच वयाचे असतील. दुकानाची एक पायरी चढताना ते दोनदा थांबले. खुर्चीवर बसल्यावर श्वास खाली यायला वेळ लागला. त्या दिवशी मामा नव्हते. मी म्हणालो, ते गावी आहेत. शिपाई म्हणाला, परत येऊ. मी मामांना फोन केला. वाटलं होतं, आता काही दिवस ते इकडे फिरकणार नाहीत. ते दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं आले आणि मला म्हणाले, "त्यांना बोलवा."

बापलेक आले. मामा उभेच राहिले.

"साहेब, ती दम्याची मशीन न्हाई. सिगारेट हाये, वाफेची. बंदीतली. मी खोटं बोललो. जावयाचा काही संबंध न्हाई, मी सांगितलं म्हणून त्यांनी जोड करून दिला."

शिपायानं कपाळाला आठ्या घातल्या. त्याच्या वडलांनी मात्र मामांकडे नीट पाहिलं.

"तुमी बी बिडीच ओढत होता का?" त्यांनी विचारलं.

"चाळीस वर्षं."

"मी बी. आता पायरी चढवंना." ते थांबले, श्वास घेतला. "दाखवा तर, कशी हाये."

मामांनी नळी दाखवली. म्हाताऱ्यांनी हात पुढे केला तेव्हा मात्र मागे घेतली. "न्हाई. तुमी ओढायची न्हाई."

म्हातारे हसले, त्यातून खोकला आला, आणि शिपायानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जाताना तो मला म्हणाला, "ते टेबलावर पुन्हा दिसू देऊ नका." मामांकडे त्यानं पाहिलं नाही.

काही महिन्यांनी शिपायाची बदली भोकरदनला झाली. मामांनी कुठून तरी पत्ता काढला आणि एक दिवस बस बदलत तिकडे गेले. परत येताना दुकानात उतरले. म्हातारे जालन्याच्या एका डॉक्टरांनी दिलेला दम्याचा फवारा तोंडात घेतात, आता पायरी एका दमात चढतात, असं त्यांनी सांगितलं. त्याच डॉक्टरांकडे मामाही येतायेता गेले होते. तिथं एका नळीत जोरात फुंकायला लावलं.

"काय म्हणले डॉक्टर?"

"म्हणले, तुमच्या वयाहून तुमचं फुप्फुस म्हातारं हाये. बिडी बंद, ही बी बंद."

"मंग?"

"मंग काय. भाच्याला फोन करून सांगितलं, पाणी आणू नको."

त्यांनी दोन्ही एकदम सोडली नाहीत. मधे एकदा दिवाळीत बिडी ओढली, हे सासूबाईंकडून कळलं. नंतर ती बॅटरी घरीच पडून फुगली. मामांनी ती पिशवीत घालून माझ्याकडे आणून दिली आणि विचारलं, हिला फेकायचं कसं, पेटणार तर नाही ना. मी वाळूच्या डब्यात ठेवली. सध्या ते सकाळी शेताच्या बांधापर्यंत चालतात. परवा म्हणाले, परतीच्या वाटेवर आता एकदाच बसावं लागतं.