लसूणघासाच्या बाटल्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही — नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशीही नाही. मग आज तुमच्यापाशीच का? कोण जाणे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या एका कॉलेजात मी आणि सुशीला लसूणघासावर, गुरांच्या त्या हिरव्या चाऱ्यावर, संशोधन करायचो. पानाचा तुकडा बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा, त्याचा गोळा वाढवायचा आणि त्या गोळ्यातून पुन्हा अख्खं रोप उभं करायचं. निफाडला माझे वडील हसायचे — "अगं, मूठभर बी फेकलं तरी लय उगवतो घास!" आणि इकडे आम्ही बाटलीला नाक लावून बसलेल्या. सुशीलाच्या एका गोळ्यावर हिरवा कोंब फुटला, तेव्हा दोघी प्रयोगशाळेतच नाचलो होतो. तिच्या डब्यातल्या चटणीशिवाय मला भाकरी जायची नाही. काय दिवस होते ते!

पान कापायचं ते काचेच्या पेटीत, दिव्याच्या ज्योतीपाशी, वारा अजिबात येऊ न देता. एप्रिलात त्या बंद खोलीत जीव उकडून निघायचा. आणि मी — एकटी असले की — टेबलफॅन लावायचे. थोडाच वेळ, असं म्हणत. धूळ उडायची ती दोघींच्या त्या एकाच पेटीत जायची. मला ठाऊक नव्हतं का? होतं की.

बुरशी आली. आधी माझ्या बाटल्यांत, मग तिच्याही. तो कोंबही गेला. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, सुशीलानं यापुढे बाटल्यांना हात लावू नये, काहींना स्वच्छतेची सवयच नसते. तिचंच नाव का? ती बौद्ध घरातली होती. तेवढं कुणी उच्चारलं नाही, उच्चारायची गरजही नव्हती. मी तिथंच उभी होते. फॅनचं सांगायला कितीसे शब्द लागले असते?

पण नुसती गप्प राहिले असते तर — नाही, तेवढंच नाही.

त्यानंतर ती, बाटल्यांना हात लावायचा नसतानाही, कोपरापर्यंत स्पिरिट चोळायची. कातडी सोलली होती. एका दुपारी तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"माझ्या नखांत काही राहतं का गं? तूच बघ. तू खरं सांगशील."

मी तिला खिडकीपाशी नेलं, एकेक बोट पाहिलं. नखं स्वच्छ होती. माझ्याहूनही.

"असेल थोडं," मी म्हणाले.

महिनाभरात तिनं संशोधन सोडलं. पुढे घासाचं रोप उभं राहिलं, पदवी मला मिळाली. पण मला आठवते ती त्या दुपारनंतरची सकाळ. ती जिव्हाळीपर्यंत नखं कापून आली होती. माझ्या शेजारी बसत म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."