पुरणाची डाळ आणि पठार

देवावर माझा विश्वास होता. थोरल्या बहिणीवरचा मात्र त्या सकाळी तिबेटच्या पठारावर पार उडाला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बेंगळूरची जुनी मराठी माणसे. कैलासाच्या वाटेवरच्या सोमवारी पुरणाचा नैवेद्य दाखवीन, असा अक्काने नवस केला होता आणि सोबतीला मला धरले होते. चिकपेटेच्या बाजारात ती पितळी पातेले घेत होती, तेव्हाच मी कुकर ने म्हणून विनवले. आमच्या सोवळ्यात कुकर बसत नाही. "तम्मा, देवाला शिट्टी ऐकवू का?" एवढेच ती म्हणाली. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ.

पठार म्हणजे आपल्या बेंगळूरसारखेच, जरा जास्त उंच, अशी माझी समजूत होती. तिथे झाड नाही, आडोसा नाही. उन्हात तोंड भाजते आणि सावलीत पाय गोठतात. हवा इतकी विरळ की पाणी चटकन उकळते, पण हवे तेवढे तापतच नाही. स्टोव्हवर डाळ नाचत होती आणि दगडासारखी कडक होती. पुढे पूल नसलेला ओढा आहे, ऊन चढले की बर्फ वितळून तो फुगतो, लवकर निघा, असे आमच्या जीपचा ड्रायव्हर हातवारे करून सांगत होता. मी अक्काला समजावले, हात जोडले, शेवटी देवालाच म्हटले की बाबा, तू तरी शिजव. त्यानेही मनावर घेतले नाही. अक्काने दुपारी कचकचीत पुरणाचा नैवेद्य दाखवला, तेव्हा कुठे आम्ही निघालो.

ओढा गढूळ होऊन गर्जत होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केले आणि निमूट घोंगडी अंथरली. मग मी अक्काला पोटातले सगळे ऐकवले. ती काहीच बोलली नाही, आणि मी घाबरलो. उभ्या जन्मात तिने शेवटचा शब्द मला कधी बोलू दिला नव्हता. पाहतो तर ओठ निळे, छातीत घरघर. डोके दुखत असल्याचे तिने लपवले होते.

तेवढ्यात मागून आलेली एक जीपही ओढ्याने अडवली. तिच्यातून उतरलेल्या टकल्या गृहस्थांनी आमचे कन्नड मिसळलेले बोलणे ऐकून कन्नडमध्ये विचारले, बेंगळूरचे का? ते बेंगळूरच्याच मल्लेश्वरमचे डॉक्टर निघाले. "स्वल्प तडीरि, अक्का," म्हणजे जरा दम धरा, असे म्हणत त्यांनी तिच्या तोंडाला प्राणवायूची नळी लावली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पलीकडचा मुक्काम याहून उंच आहे. सकाळी ओढा ओलांडला असता, तर आता त्या तिकडे आणि मी इकडे. ताबडतोब खाली न्या."

खाली न्या म्हणणे सोपे. पठारावर उतार मिळायलाच कित्येक तास मागे जावे लागते. अक्का दर्शन चुकले म्हणून रडत होती. श्वास अडकू नये म्हणून तिला पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून, मागे तोंड करून बसवले होते. संध्याकाळी ढग सरले आणि मागच्या काचेत एक पांढरे शिखर उभे राहिले. सपाट जमिनीवर त्याला झाकायला काही नव्हते. आम्ही दूर जात होतो आणि ते तिथेच होते. अक्काने हात जोडले. हळूहळू तिचे ओठ लाल झाले.

"तोच ना रे?" तिने विचारले.

मी हो म्हणालो. तो कैलास होता की दुसरा कुठला डोंगर, हे मी ड्रायव्हरला विचारले नाही, आजवर कोणालाच विचारलेले नाही. जायचे आम्ही ठरवले होते. कुठून परत फिरायचे ते देवाने ठरवले आणि माझी बहीण मला परत दिली. त्यापुढे चौकशी करायची माझी छाती नाही.