पेन्सिलमावशींच्या सुरकुत्या

पेन्सिलमावशींनी उभ्या आयुष्यात निम्म्या शहराच्या सुरकुत्या पुसल्या, आणि कुणी त्यांचे साधे आभारही मानले नाहीत. मानणार कसे? सुरकुत्या पुसल्यात याचा कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, हीच तर त्यांची नोकरी होती.

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्या बसायच्या. समोर उतरत्या काचेचं मेज, त्याला खालून उजेड. काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग, हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सगळा कारभार उलटा. सुरकुती तिथे उजळ दिसते, आणि ती बारीक टिंबांनी भरून काढली की छापलेल्या फोटोत गाल गुळगुळीत. साऱ्या जगात पेन्सिलीने रेघ उमटते, मावशींच्या पेन्सिलीने ती नाहीशी व्हायची.

पुढे कॉम्प्युटर आला, मेज अडगळीत गेलं आणि मावशी घरी आल्या. घरी मुलगा आणि सून. दोघंही मायेची, पण मावशींचं वय म्हटलं की त्यांच्या सूचना सुरू व्हायच्या. केस रंगवा, जिना चढू नका, पायात मोजे घाला. त्यातच मावशींचा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयामुळे होतं असं. मावशी म्हणाल्या, "मग होऊ दे की!"

एक दिवस मुलाने मोबाइलवर आईचा फोटो छान घोटूनघोटून गुळगुळीत केला आणि मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला.

"छान आहे," मावशी म्हणाल्या. "कोण ही?"

"आई, असं काय करतेस? तूच की!"

"मी? हिला बघून तर वाटतं, हिच्या हातून कधी दूधसुद्धा उतू गेलेलं नाही."

बोलल्या हसत, पण मनातून पेटल्या होत्या. त्याच दुपारी त्यांनी जाड कागद काढला, आरसा खिडकीशी टेकवला आणि स्वतःचं चित्र काढायला बसल्या. चित्र झालं. सुनेने पाहिलं आणि हरखून म्हणाली, "अगंबाई, किती गोड! लग्नातला फोटो समोर ठेवलात का?"

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. खोड हाताची होती. सुरकुती आली की तो हात ती बुजवूनच पुढे सरकत होता, कुणी सांगितलेलं नसताना. आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत केलं ते केलं, आता मला पुसायला निघालास? त्यांनी हाताला मोठ्याने झापलं आणि कागद फाडून टाकला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी युक्ती केली. आधी नुसत्या सुरकुत्याच काढल्या, चेहरा मागाहून. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या, ओठांभोवतीच्या, कपाळावरची ती मधली खोल आठी. मानेवरच्या रेघा तर थरथरत्या हाताने न सांगताच काढून दिल्या. इतक्या जिवंत रेघा त्यांना तरुणपणी कधीच जमल्या नसत्या. मावशी चित्राकडे बघत राहिल्या आणि त्यांना स्वतःचा मनापासून अभिमान वाटला.

आता एकच इच्छा होती. हे चित्र स्टुडिओच्या दर्शनी काचेत लागावं. त्या काचेत इतकी वर्षं लागलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर त्यांचा हात फिरला होता, स्वतः मावशी मात्र कायम मागच्या खोलीत. स्टुडिओचे धाकटे मालक काच नव्याने सजवत होते आणि "मावशी, तुमचंही काहीतरी द्या," असं आपणहून म्हणाले होते. म्हणून मावशी चित्र घेऊन गेल्या. मुलगा 'नको लावूस' म्हणून वाटभर विनवण्या करत सोबत आला.

धाकट्या मालकांनी चित्र उलगडलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मावशी, काम फक्कड आहे. पण गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर पळेल हो."

"आणि लोक म्हणतील, आम्ही हिची काळजी घेत नाही," मुलाने री ओढली.

"असं करा," धाकटे मालक म्हणाले, "कपाळावरची ही आठी तेवढी हलकी करा. तुमच्या तर डाव्या हातचा मळ. लगेच लावतो काचेत."

"हो आई, एका आठीचाच तर प्रश्न आहे."

मावशींनी पेन्सिल मागून घेतली, सावकाश टोक काढलं. दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गिऱ्हाइकं भांग नीट करतात त्या आरशासमोर जाऊन मावशींनी स्वतःला नीट निरखलं. मग परत येऊन त्या आठीच्या वर, चांगली दाबून, आणखी एक आठी काढली.

"आई! हे काय केलंस?"

"ही आत्ताच पडली. तुम्हा दोघांमुळे," मावशी म्हणाल्या. "आणखी काही सुचवायचं असेल तर बोला. कपाळावर अजून जागा आहे."

धाकटे मालक खिळा-हातोडी आणायला आत गेले.