चुली पेटल्याच नव्हत्या

दिगांबर गेल्याचं मला वर्तमानपत्रातूनच कळलं. यवतमाळला, मी शिकवतो त्या शाळेत, मधल्या सुट्टीत. ‘ढाणकी येथील व्यापारी दिगांबरराव यांचे अल्पशा आजाराने निधन.’ एवढंच. दिगांबर व्यापारी नव्हता, आणि आजारही अल्पसा नव्हता. दोन वर्षं क्षयानं त्याला पोखरलं होतं. त्याआधी त्याला जे पोखरत होतं, ते कुठल्याच वर्तमानपत्रात आलं नाही... म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही उमरखेडच्या शाळेत एका बाकावर बसलो. पुढे मी शिक्षक झालो. त्यानं मात्र थोरल्या भावाच्या कापडदुकानात बसायचं नाकारलं, ढाणकीच्या बाजारात एक खोली भाड्यानं घेतली, वर्तमानपत्रं विकू लागला आणि नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर झाला. बाजाराच्या दिवशी तो बातम्या मोठ्यानं वाचून दाखवायचा. गाडीवान, मजूर, कापूस विकायला आलेले लोक पायरीवर बसून ऐकायचे. अन्याय छापून आला की अर्धा संपतो, असा त्याचा भाबडा म्हणावा इतका विश्वास होता. आम्ही पुरोगामी मंडळी यवतमाळला व्याख्यानं भरवायचो, तेव्हा तो हसायचा. “तुम्ही समतेवर बोलता, मी तिचा पत्ता शोधून राह्यलो.”

छप्पन सालच्या दीक्षेनंतरच्या थंडीतली गोष्ट. ढाणकीपासून काही कोसांवरच्या एका गावात नव्यानं बौद्ध झालेल्या घरांनी मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. गावानं त्यांचं काम तोडलं, मग विहीर बंद केली. आणि एका दुपारी, माणसं दूरच्या नाल्यावर पाण्याला गेली असताना, त्यांच्या झोपड्या पेटल्या. सोनाबाई नावाच्या बाईचा आजारी नवरा आत खाटेवर होता. तो बाहेर येऊ शकला नाही.

दिगांबर दुसऱ्या दिवशी सायकलनं तिथं पोचला. सोनाबाई राखेपाशी बसली होती. तिनं त्याला विचारलं, “भाऊ, आमी ढोर ओढनं सोडलं, कोनाचं काय घेतलं?” आग लावणाऱ्यांना डोळ्यांनी पाहिलेल्या दोघांशी बोलून त्यानं, लावणाऱ्यांच्या नावांनिशी बातमी पाठवली. छापून आलं ते असं : चुलीतील ठिणगीने आग, एका वृद्धाचा मृत्यू.

तो तडक नागपूरला गेला. परत येताना माझ्याकडे उतरला. संपादकांनी त्याला चहा पाजला होता. ते म्हणाले होते, “निवडणुका तोंडावर आहेत, दिगांबरराव. गावागावांत सलोखा राहिला पाहिजे.”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, साहेब, तिथं चुली पेटल्याच नव्हत्या. काम बंद, पाणी बंद, रांधतील काय? ठिणगी कुठून आली ते तरी छापा.”

त्यानं वार्ताहरकी सोडली. खोलीबाहेर फळा टांगला आणि खरी बातमी खडूनं लिहिली. संध्याकाळपर्यंत कुणीतरी शेण फासलं. त्यानं फळा धुतला, पुन्हा लिहिलं. पुन्हा शेण. पायरीवर बसणारे हळूहळू येईनासे झाले. घरमालकानं खोली सोडायला सांगितली. थोरले भाऊ, ज्यांना तो दादा म्हणायचा, माझ्यासमोरच त्याच्यावर ओरडले, “तुले कायले पायजे ह्या उठाठेवी? आपल्याच लोकाईत राहाचं हाय ना तुले?”

“दादा, मेला तो आपला नव्हता काय?”

 त्या दिवसापासून दादांनी त्याच्या घरचं पाणी पिणं सोडलं.

आग लावणाऱ्यांवरचा खटला यवतमाळच्या कोर्टात चालला. त्यांना पाहिलेले दोघंही साक्षीत उलटले. एकानं आपण त्या दिवशी शेतात होतो म्हणून सांगितलं, दुसऱ्याला काही आठवेना. दिगांबर साक्षीला उभा राहिला, पण त्यानं फक्त राख पाहिली होती. आरोपींच्या वकिलानं तेवढंच त्याच्या तोंडून वदवून घेतलं. सगळे सुटले. ढाणकीत गुलाल उधळत मिरवणूक निघाली आणि त्याच्या दारापुढे बराच वेळ वाजंत्री वाजत राहिली. सोनाबाई उरलेल्या माणसांबरोबर वणीकडे खाणीच्या कामावर गेली. जाण्याआधी ती त्याला भेटायला आली होती. “भाऊ, तुमी खोटं नाही बोलले. पन आमाले गाव नाही भेटलं.” हे वाक्य त्यानं मला कितीदा सांगितलं असेल... सांगताना त्याचा आवाज अजिबात चढत नसे, आणि तेच ऐकवत नसे.

आपलं मराठी राज्य झालं, भाषणांत समता रोज येऊ लागली. वर्तमानपत्रांची पानं वाढली. दिगांबर शिकवण्या करून जगला, खोकत राहिला. लोकांनी त्याला मारलं असं मी म्हणणार नाही. लोकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं, आणि ज्या माणसाचा सारा जीव बोलण्यात होता, त्याला तेवढं पुरलं.

मागच्या आठवड्यात मी दिगांबरच्या बायकोला, सुमनवहिनींना, भेटायला गेलो. बाजाराचा दिवस होता, ऊन रणरणत होतं. घराच्या ओट्यावर त्यानं रांजण ठेवला होता, कुणीही यावं आणि प्यावं म्हणून. वहिनी तो अजून भरतात. बौद्ध वस्तीतल्या दोन बाया डोक्यावरच्या टोपल्या उतरवून, पाणी पिऊन गेल्या. मागोमाग दादा आले. भाऊ गेल्यावर पहिल्यांदाच. भिंतीला टेकून बसले, उपरण्यानं तोंड पुसलं. रडवेले झाले होते. म्हणाले, “सुमन, घोटभर पानी दे वं.”

वहिनींनी रांजणाकडे हात केला. “तिथं हाय, दादा. त्याइनंच ठेवलं.”

दादांनी रांजणाकडे पाहिलं. नंतर त्या बाया गेल्या त्या वाटेकडे. मग उपरणं खांद्यावर टाकलं आणि भर उन्हात तसेच कोरड्या घशानं निघून गेले. वहिनी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिल्या. मग गडू उचलून रांजणात बुडवला आणि माझ्यापुढे धरला.