मदत विभाग, दुसरा मजला, सदाशिव पेठ

एखाद्या सॉफ्टवेअरवर माझ्या मावशीच्या यजमानांइतकं प्रेम जगात दुसऱ्या कुणी केलं असेल, असं मला वाटत नाही. ज्या परदेशी कंपनीने ते बनवलं तिनेही केलं नसेल, कारण काही झालं तरी कंपनीचा त्यात धंदा होता. काकांचा काही म्हणजे काहीच नव्हता. चित्रं, आवाज, अक्षरं आणि हलत्या आकृत्या एकत्र बांधून त्यांची सीडी करायचं ते सॉफ्टवेअर. शाळेच्या धड्यांच्या, पाककृतींच्या, किल्ल्यांच्या, लग्नाच्या फोटोंच्या अशा सीड्या त्या काळात पुण्यात गल्लोगल्ली निघत होत्या आणि त्यातल्या बऱ्याचशा ह्याच सॉफ्टवेअरवर बनत. काकांनी स्वतः मात्र आयुष्यात एकच सीडी पुरी केली, मावशीच्या लोणच्यांची, आणि ती मावशीने आजवर बघितलेली नाही. मला येतात ती लोणची मलाच काय दाखवता, असं तिचं म्हणणं. काकांचं खरं काम वेगळं होतं. हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या समस्त मराठी माणसांना त्याच्या बातम्या पुरवणं आणि अडलेल्यांना मदत करणं हे आपलं कर्तव्य आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. नको असंही कुणी सांगितलं नाही, म्हणून ते चालू राहिलं.

काका मूळचे चिंचवडच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातले. बोर्डावर कागद ताणून यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली. पुढे उदारीकरणाचं वारं आलं, नकाशे संगणकावर निघू लागले आणि जुन्या मंडळींना स्वेच्छानिवृत्ती देऊ केली गेली. बरोबरच्यांपैकी कुणी पोळीभाजी केंद्र काढलं, कुणी जमिनींच्या व्यवहारात पडलं, कुणी नुसतंच रोज पर्वती चढायला लागलं. काकांनी संगणकच विकत घेतला. ज्याने नोकरी घालवली त्यालाच घरात आणून बसवलंत, असं मावशी म्हणाली, आणि वर त्याच्यासाठी स्वतः कापडी आच्छादनही शिवून दिलं. त्याच सुमारास कुठल्याशा मासिकाबरोबर त्या सॉफ्टवेअरची नमुना सीडी फुकट आली. काकांनी त्यात एक रेघ काढली, कुठलंसं बटण दाबलं आणि ती रेघ पडद्यावरून चालत दुसऱ्या टोकाला गेली. मी योगायोगाने तेव्हा तिथे होतो. काकांनी पुन्हा बटण दाबलं, रेघ पुन्हा चालली. मग म्हणाले, "आयुष्यभर मी काढलेली रेघ जिथे काढली तिथेच राहिली रे. ही चालते."

त्यानंतर त्यांचं बस्तान बसलं ते बसलंच. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली त्यांनी मनोमन दोन विभागांत वाटली. सकाळी चहा झाला की ते वृत्तविभाग असत. परदेशी संकेतस्थळं धुंडाळून, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, नवे दोष, दोषांवरचे नवे उतारे ह्या सगळ्याचं मराठीत सार काढून, त्यांच्याकडे नाव नोंदवलेल्या सभासदांना मेल पाठवत. आंघोळ आणि पूजा आटोपली की ते मदत विभाग होत. सही नेहमी विभागाची, खाली घरचा पत्ता, स्वतःचं नाव कधी नाही. दोन्ही विभागांचं आपसात फारसं बरं नव्हतं. 'वृत्तविभागाने काल अपुरी माहिती दिल्यामुळे मदत विभागास नाहक त्रास झाला' असा मेल एकदा सगळ्यांना आला आणि दुसऱ्या दिवशी वृत्तविभागाने त्यावर अत्यंत कोरडा खुलासाही केला. बातमी नसेल त्या दिवशीही वृत्तविभागाचा मेल चुकत नसे. त्यात एकच ओळ असे: 'आज बातमी नाही.' एका सकाळी वीज गेल्यामुळे ही ओळ दुपारी गेली, तर बातमी नसल्याची बातमी अजून का आली नाही, अशी विचारणा करणारे फोन आले.

फोनची गंमत वेगळीच होती. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून येई, त्यामुळे काका मेल बघत असले की फोन लागत नसे आणि कुणाचा फोन चालू असला की काकांना मेल दिसत नसे. तरी मदत विभागाचा म्हणून त्यांनी घरचाच नंबर देऊन ठेवला होता. तो उचलायची मावशी. सुरुवातीला ती 'ते पूजेला बसलेत' एवढंच सांगायची. पण समोरचा माणूस अगदीच काकुळतीला आलेला असला, तर तिला राहवायचं नाही. काका सगळ्यांना पहिल्यांदा काय विचारतात हे ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. एका हाताने कढई हलवत ती विचारायची, "सीडीत आवाजाची फाईल घेतलीत का बरोबर? नाही ना? मग घ्या आणि पुन्हा लावून बघा." पुष्कळ जणांचं तेवढ्यावर भागायचं. तिला स्वतःला संगणक चालू करता येत नव्हता आणि शिकायची इच्छाही नव्हती. भाजी लागू नये म्हणून मी फोन लवकर आटपते, असं ती म्हणायची.

काकांच्या शिस्तीला नात्याचं वावडं होतं. मी तेव्हा नारायण पेठेतल्या एका छोट्या कंपनीत शाळेच्या धड्यांच्या सीड्या करायचो आणि जेवायला बऱ्याचदा मावशीकडे जायचो. एकदा आमटीभात कालवता कालवता मी काकांना विचारलं, की बटण दाबल्यावर चित्र दोनदा का उमटतं? काका म्हणाले, मेल कर. मी समोरच बसलोय, म्हटलं. ते म्हणाले, आत्ता विभाग बंद आहे. मी ऑफिसात जाऊन मेल केला. उत्तर आलं: 'आपण काल प्रत्यक्ष भेटीत उल्लेखिलेल्या अडचणीबाबत.' मला ते एरवी अरे-तुरे करत, मेलमध्ये मात्र सख्ख्या भाच्यालाही 'आपण'. ज्या मेलवर 'अर्जंट' लिहिलेलं असे त्याला सगळ्यात शेवटी उत्तर जाई. घाई झालेल्या माणसाला उत्तर दिलं तरी तो नीट वाचत नाही, तेव्हा आधी त्याला थोडा निवू द्यावा, असं त्यांचं शास्त्र होतं. सॉफ्टवेअर बंद पडलं असं ते कधी म्हणत नसत. त्याने मान टाकली म्हणत, आणि ते इतक्या हळव्या सुरात म्हणत की प्रश्न विचारणाऱ्यालाच अपराधी वाटावं.

त्यांच्याबरोबर मंडईत जाणं म्हणजे शिकवणीच. फ्लॉवरच्या ढिगापुढे उभं राहून ते मला कुठला गड्डा पुढच्या थरात आहे, कुठला मागच्या, आणि मागचा पुढे आणला तर काय काय झाकलं जाईल ते सांगायचे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रं तशीच एकावर एक थरांनी रचावी लागत. भाजीवाल्या बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, गड्डा घ्यायचाय का हलवायचाय नुसता?" काकांनी घेतला. मागच्या थरातला.

कंपनीला काका अस्तित्वात आहेत हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण काकांनी तिच्या मदत-पुस्तिकेतल्या चुका काढून इतक्यांदा कळवल्या की शेवटी तिकडून एक पाकीट आलं. आत कंपनीचं चिन्ह असलेली निळी टोपी. ती घालून काका दोन बारशांना आणि एका वास्तुशांतीला जाऊन आले. भेटेल त्याला मावशी सरळ चेहऱ्याने सांगायची, "कंपनीने ह्यांना टोपी घातली."

आणि मग एके दिवशी ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली, आणि नव्या मालकांनी जाहीर केलं की ह्या सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती निघणार नाही. आमच्या ऑफिसात ही बातमी सकाळीच फुटली. सगळे आपापल्या पोटापाण्याचा विचार करायला लागले. मला मात्र आधी दुसरा मजला आठवला. फोन केला तर मावशी हळू आवाजात म्हणाली, की त्यांनी वाचलंय, चहा तसाच निवलाय. थोड्याच वेळात वृत्तविभागाचा मेल आला. 'आज बातमी नाही.'

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सगळ्यांना सांगायचं काम ज्याचं, तोच ती सांगत नव्हता, आणि इतके सभासद असून एकानेही 'अहो, असं असं झालंय' म्हणून लिहिलं नाही. उलट मदत विभागाकडे प्रश्नांची रीघ लागली. नागपूरहून येऊन पुण्यात पाली भाषा शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आपल्या धड्यांच्या सीडीत उच्चार ऐकवायची सोय त्यांनी इतकी सुंदर केली होती की काका इतरांना त्यांचं उदाहरण द्यायचे. त्या बाईंनी विचारलं, की बटण दाबल्यावर चालू असलेला आवाज थांबवायचा कसा? कोल्हापूरचे एक फोटोग्राफर होते, त्यांनी चित्र लहानमोठं कसं करायचं ते विचारलं. काका प्रत्येकाला नेहमीपेक्षा लांब उत्तर देत राहिले.

त्या रविवारी मी पोहे खायला गेलो तेव्हा काकांनी मला संगणकापाशी बोलावलं. दाढी वाढली होती. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघ. ह्या बाईंना हे येतं. ह्यांनाही येतं. मीच शिकवलंय. मग विचारतात कशाला?"

स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला. "अहो, समाचाराला आलेली माणसं काय कामाचं बोलतात का? काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात."

काका खुर्चीत मागे टेकून बसले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायची सवय त्यांच्या वडिलांची. ह्यांच्याजवळ पायजमा, त्यामुळे त्यांनी चष्मा नुसताच हातात धरला. मग तो चढवून ते टाइप करायला लागले आणि मी मागे उभा राहून वाचत गेलो. 'कंपनीने आपले सॉफ्टवेअर पुढे न चालवण्याचे ठरवले आहे. ही बातमी वृत्तविभागास पूर्वीच कळली होती. विलंबाबद्दल दिलगीर आहोत. वृत्तविभाग आजपासून बंद. मदत विभाग चालू.' पाठवायचं बटण त्यांनी दाबलं आणि आत जाऊन दाढीचं पाणी ठेवायला सांगितलं.

पुढच्या रविवारी कुणी न बोलावता माणसं आली. पालीच्या बाई आल्या, कोल्हापूरचे फोटोग्राफर पहाटेची गाडी पकडून आले, आणखीही बरेच जण. मदत विभाग म्हणजे निदान चारपाच माणसांचं कार्यालय असेल अशी पुष्कळांची समजूत होती. दारात लुंगीतले काका बघून त्यांनी दारावरची पाटी पुन्हा वाचली. खोलीत मावेनात तेव्हा जिन्यात बसले. सुरुवातीला सगळे अवघडून होते. मग मावशी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि "सरका थोडे, कप जातील" म्हणाली, आणि जिन्यातून कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर फोनवरचा आवाज." कोल्हापूरकरांनी उठून तिला वाकून नमस्कार केला. त्यांच्या पहिल्या सीडीत आवाज तिच्यामुळे आला होता. मावशी लाजून आत गेली आणि काका कितीतरी दिवसांनी हसले.

पुढची काही वर्षं मदत विभागाने एकच काम केलं, आणि ते मला आजही अजब वाटतं. ज्या सॉफ्टवेअरवर त्यांचा इतका जीव, त्यातून लोकांना बाहेर काढायचं काम. धडे, आवाज, चित्रं एकेक करून सोडवायची आणि नव्या ठिकाणी कशी न्यायची ते सांगायचं. ज्या नव्या साधनांविषयी त्यांना तसूभरही प्रेम नव्हतं, ती ते साठीत शिकले, इतरांना तिकडे पोचवण्यापुरती. पालीच्या बाईंचे धडे तर त्यांनी स्वतः बसून हलवले. एकही उच्चार हरवता कामा नये म्हणून प्रत्येक शब्द त्यांच्याकडून ऐकून घेतला. जो तो मार्गी लागला की आभाराचा मेल यायचा, आणि त्यानंतर त्याचे मेल यायचे थांबायचे. हे असं होणार हे काकांना माहीत होतं. त्यांनी कुणालाही रेंगाळू दिलं नाही.

मीही पुढे हिंजवडीत मोठ्या कंपनीत लागलो. मध्यंतरी एकदा भेटायला गेलो तेव्हा काकांनी विचारलं, "आता तुमचं काही अडलं तर कोण बघतं?"

मी म्हटलं, नेटवर शोधतो, उत्तर मिळतं.

"म्हणजे पलीकडे माणूस नसतो?"

"नसतो."

काका म्हणाले, "मग मला फोन करत जा. मला तुमच्यातलं काही समजणार नाही. पण तू सांग, मी ऐकेन. माणूस सांगायला लागला की त्याचं त्यालाच दिसतं."

मी हसण्यावारी नेलं. पण मागच्या महिन्यात एक गोष्ट दोन दिवस सुटेना, तेव्हा ऑफिसच्या जिन्यात जाऊन त्यांना फोन लावला. आता त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे मी ओरडून ओरडून सांगत होतो आणि येणारे-जाणारे माझ्याकडे बघत होते. काकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "हं. आता पहिल्यापासून पुन्हा सांग. सावकाश." मी पुन्हा सांगायला लागलो आणि निम्म्यावर येऊन थांबलो. चूक समोर उभी होती. मी सापडलं म्हणून सांगितलं, काय सापडलं ते समजावून द्यायला लागलो, पण काकांना त्यात रस नव्हता. त्यांनी फोन नीट न ठेवताच बाजूला केला असावा, कारण त्यांचा आवाज मला लांबून ऐकू येत राहिला. ते आत मावशीला सांगत होते, "अगं, सुटलं त्याचं. सुटलं."